बिटकॉइन.कॉन्फमध्ये लिहिलेलं नोड खरंच घेतो का?

रात्रपाळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बिटकॉइन कोअरचा नोड (बिटकॉइनच्या नेटवर्कशी जोडून ब्लॉक तपासणारा प्रोग्राम) मी आजवर कमांड लाइनवरच सगळे पर्याय देऊन चालवत होतो. ती ओळ वाढत वाढत स्क्रीनबाहेर गेली, म्हणून आता सगळं बिटकॉइन.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये हलवलंय. एकाच मशीनवर दोन नोड आहेत: एक मुख्य नेटवर्कचा, छाटलेला म्हणजे प्रून चालू असलेला (जुने ब्लॉक डिस्कवरून काढून टाकणारा), आणि दुसरा सिग्नेट या चाचणी नेटवर्कचा, प्रयोगांसाठी. दोन्हींना एकच फाइल. ती अशी (इथे देवनागरीत लिहितोय, फाइलमध्ये अर्थातच नावं आणि आकडे मूळ रोमन लिपीत आहेत):

सर्व्हर=१
डीबीकॅश=२०००
प्रून=२००००
आरपीसीपोर्ट=३८४००

दोन अडचणी आहेत.

पहिली: सिग्नेटचा नोड सुरूच होत नाही. आरपीसीपोर्टची (नोड ज्या पोर्टवर आदेश घेतो त्याची) सेटिंग सिग्नेट विभागात असेल तरच सिग्नेटवर लागू होते, असं सांगून थांबतो. पोर्ट तर मी सिग्नेटसाठीच लिहिला होता.

दुसरी जास्त गंभीर वाटते. मुख्य नोडला वीस हजार दिलेत, म्हणजे साधारण वीस जीबीचे अलीकडचे ब्लॉक डिस्कवर असायला हवेत. पण थोडा जुना ब्लॉक मागितला की उत्तर येतं, ब्लॉक उपलब्ध नाही, छाटलेला डेटा. ब्लॉक्सचं फोल्डर दोन जीबीच्या आसपासच घुटमळतंय. फाइल योग्य जागी आहे आणि डीबीकॅशचा (मेमरीतल्या कॅशचा) आकडा बरोबर घेतला जातोय. मग एक ओळ ऐकायची आणि दुसरी नाही, हे कसं?

---

तळटीप

नोड सुरू होतानाच्या डीबग.लॉगच्या पहिल्या ओळी टाका. 'आर्ग' हा शब्द असलेल्या सगळ्या ओळी हव्यात, आणि प्रून असलेली प्रत्येक ओळ. नोडने कुठून काय उचललं हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. त्याआधी अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

---

रात्रपाळी

मुख्य नोडच्या लॉगमधल्या ओळी (वेळेचे शिक्के काढलेत):

कॉन्फिग फाइल आर्ग: डीबीकॅश="२०००"
कॉन्फिग फाइल आर्ग: प्रून="२००००"
कॉन्फिग फाइल आर्ग: आरपीसीपोर्ट="३८४००"
कॉन्फिग फाइल आर्ग: सर्व्हर="१"
सेटिंग फाइल आर्ग: प्रून = "१९०७"

आणि बऱ्याच खाली:

प्रून कॉन्फिगर्ड टू टार्गेट १९०७ एमआयबी

हा १९०७ मी कुठेही लिहिलेला नाही.

---

तळटीप

हा आकडाच सगळं सांगतो. ग्राफिकल खिडकीत छाटणीची मर्यादा जीबीमध्ये विचारतात, आणि तिथला जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट. नोड आतून मोजतो एमआयबीमध्ये, म्हणजे १०,४८,५७६ बाइटचा एक. दोन जीबीला त्याने भागलं की १९०७ आणि वर थोडं उरतं. तेव्हा कधीतरी बिटकॉइनच्या खिडकीवाल्या आवृत्तीत दोन जीबीची मर्यादा निवडली गेली आहे. पहिल्यांदा उघडताना डेटा कुठे ठेवायचा हे विचारणारा जो पडदा येतो, तिथेही हा पर्याय असतो.

खिडकीतली निवड पूर्वी वेगळीकडे साठवली जायची आणि बिटकॉइनडीला (खिडकीशिवाय चालणाऱ्या नोडला) तिचा पत्ताच नसायचा. २४.० आवृत्तीपासून ती डेटा फोल्डरमधल्या सेटिंग्ज.जेसन या फाइलमध्ये जाते, आणि ती फाइल बिटकॉइनडीही वाचतो.

मुख्य मुद्दा अग्रक्रमाचा आहे. सर्वांत वर कमांड लाइन. तिच्या खाली सेटिंग्ज.जेसन. त्याखाली बिटकॉइन.कॉन्फमधला त्या नेटवर्कचा विभाग, आणि तळाशी बिटकॉइन.कॉन्फचा विभागाबाहेरचा भाग. तुम्ही प्रून तळाच्या पायरीवर लिहिलंय आणि सेटिंग्ज.जेसन दोन पायऱ्या वर बसलीय. डीबीकॅशला वर कुणी प्रतिस्पर्धी नव्हता म्हणून ते चाललं. पूर्वी तुम्ही कमांड लाइनवर प्रून देत होतात, म्हणजे सगळ्यांच्या वर. पर्याय फाइलमध्ये हलवले तेव्हा तो खाली उतरला आणि इतके दिवस झाकलेला १९०७ वर आला.

उपाय: नोड बंद करा, सेटिंग्ज.जेसन उघडा, प्रूनची नोंद काढा, जतन करा, सुरू करा. नोड चालू असताना त्या फाइलला हात लावू नका, तो स्वतः तिच्यात लिहीत असतो. आणि वैतागून अख्खी फाइलच उडवू नका. सुरू होताना कोणती वॉलेट उघडायची ती यादीही तिथेच असते.

---

उंबरठा

पहिल्या अडचणीबद्दल मी लिहिते.

विभागांची ही सोय ०.१७ पासून आहे. चौकटी कंसात मेन, टेस्ट, सिग्नेट, रेगटेस्ट असं नाव टाकलं की पुढच्या ओळी त्या नेटवर्कपुरत्या. विभागाबाहेर, वर लिहिलेलं सर्व नेटवर्कना लागू, पण काही पर्याय याला अपवाद आहेत: ॲडनोड, कनेक्ट, पोर्ट, बाइंड, आरपीसीपोर्ट, आरपीसीबाइंड आणि वॉलेट. हे वर लिहिले तर फक्त मुख्य नेटवर्कला लागतात.

यामागचं कारण चांगलं आहे. मुख्य नेटवर्कचं वॉलेट किंवा पोर्ट चुकून चाचणी नेटवर्कला जोडलं जाऊ नये, आणि दोन नोड एकाच पोर्टवर भांडू नयेत. म्हणूनच सिग्नेट नोड ठणकावून थांबला.

पण रात्रपाळी, याची दुसरी बाजूही बघा. तुमचा मुख्य नोड आत्ता ३८४०० वर ऐकतोय, नेहमीच्या ८३३२ वर नाही! नोडला आदेश देणारा बिटकॉइन-सीएलआय तीच फाइल वाचतो, म्हणून त्याने तक्रार केली नाही. दुसरं एखादं सॉफ्टवेअर ८३३२ गृहीत धरून जोडायला गेलात की मग कळलं असतं.

असं लिहा:

सर्व्हर=१
डीबीकॅश=२०००

[मेन]
प्रून=२००००

[सिग्नेट]
आरपीसीपोर्ट=३८४००

सिग्नेटला छाटणी हवीच असेल तर तिथे वेगळी लिहा. आणि सिग्नेट=१ ही ओळ या फाइलमध्ये घालू नका, ती सुरू करताना कमांडवरच द्या, कारण फाइल दोघांची आहे. फाइल मुख्य डेटा फोल्डरमध्येच राहते. सिग्नेटचे ब्लॉक, डीबग.लॉग आणि सेटिंग्ज.जेसन मात्र आतल्या सिग्नेट नावाच्या उपफोल्डरमध्ये असतात. लॉग शोधताना लोक इथे हमखास चुकतात.

---

रात्रपाळी

दोन्ही लक्षात आलं. मुख्य नोड ३८४०० वर होता हे माझ्या डोक्यातही आलं नसतं. आज रात्री बदल करून सांगतो.

---

कोरा_कागद

माझं मत वेगळं आहे आणि ते मांडतोच. सगळं फाइलमध्ये हलवणं हीच सुधारणा आहे असं मला वाटत नाही.

कमांड लाइनवर पर्यायाच्या नावात एक अक्षर चुकलं तर बिटकॉइनडी तिथल्या तिथे थांबतो आणि कोणता पर्याय कळला नाही ते सांगतो. तीच चूक बिटकॉइन.कॉन्फमध्ये केली तर नोड मजेत सुरू होतो. लॉगमध्ये एक ओळ पडते, अनोळखी मूल्य दुर्लक्षित केलं, आणि काम पुढे चालू. ज्याने मॅक्सअपलोडटार्गेटचं (अपलोडच्या मर्यादेचं) स्पेलिंग चुकवलं, त्याची बँडविड्थ संपेपर्यंत त्याला कळणार नाही.

मी सर्व्हिस फाइलच्या सुरुवातीच्या आदेशातच पर्याय देतो. अग्रक्रमात ते सर्वांत वर असतात, आणि चूक असेल तर नोड सुरूच होत नाही. मला हेच हवं आहे.

---

तळटीप

कोरा_कागद, तुमचा मुद्दा बिनतोड आहे आणि मी तो मान्य करतो. फाइलमधली चुकलेली ओळ गुपचूप गिळली जाते ही या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव.

तरीही मी फाइलच्या बाजूने आहे. कमांड लाइनवर दिलेलं सगळं त्या मशीनवरच्या इतर वापरकर्त्यांना प्रक्रियांच्या यादीत दिसू शकतं, पासवर्डसुद्धा. शिवाय फाइल बिटकॉइनडी आणि बिटकॉइन-सीएलआय दोघंही वाचतात, त्यामुळे पोर्ट एकदाच लिहायचा. आणि फाइलमध्ये टीप लिहिता येते. हा पर्याय का ठेवला, हे सहा महिन्यांनी मलाही आठवत नसतं. ते शेजारी लिहिलेलं असलं की काढायचं की ठेवायचं हे ठरवता येतं.

गुपचूप गिळण्यावर उपाय एकच: फाइल बदलली की नोड पुन्हा सुरू करायचा आणि लॉगमधल्या त्या 'आर्ग' ओळी वाचायच्या. 'अननोन' आणि 'इग्नोअरिंग' हे शब्द शोधायचे. चालू नोड फाइल परत वाचत नाही, त्यामुळे पुन्हा सुरू करावाच लागतो. लॉग निर्धास्त बघा, पासवर्डच्या जागी तिथे चांदण्या छापलेल्या असतात.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी ठिकाणी लिहिलेली सापडते. एकच पर्याय दोनदा दिला तर काय? कमांड लाइनवर शेवटचा जिंकतो. फाइलमध्ये उलट, पहिला जिंकतो. जुन्या वागणुकीशी सुसंगती राखण्यासाठी हे तसंच ठेवलंय. म्हणजे वर डीबीकॅश=४५० असताना तळाशी डीबीकॅश=४००० जोडलंत तर ४५० च चालेल. ॲडनोड किंवा आरपीसीऑथसारखे अनेकदा देता येणारे पर्याय मात्र साठत जातात.

इनक्लूडकॉन्फने दुसरी फाइल जोडली तर तिच्या ओळी मुख्य फाइलच्या नंतर वाचल्या जातात, म्हणून तिथेही मुख्य फाइलचं चालतं. जोडलेल्या फाइलमधून तिसरी जोडता येत नाही.

---

साखळदंड

मी इथेरियमच्या बाजूचा, गेथ हा तिथला नोड प्रोग्राम चालवतो. कोरा_कागद यांना जे हवंय ते गेथच्या फाइलमध्ये मिळतं, म्हणून लिहितोय.

गेथची फाइल टॉमल स्वरूपात असते आणि कॉन्फिग पर्यायाने तिचा मार्ग द्यावा लागतो. आपोआप शोधली जात नाही. तिच्यात अनोळखी नाव आलं तर गेथ सुरूच होत नाही, अमुक क्षेत्राची व्याख्या नाही म्हणून थांबतो. जी क्षेत्रं पूर्वी होती आणि आता काढून टाकलीत, त्यांच्याबद्दल इशारा देऊन पुढे जातो. दोन्ही वागणुका मला योग्य वाटतात. आणि कमांड लाइन फाइलवर मात करते, ते तुमच्यासारखंच.

फाइलमधली नावं कमांड लाइनवरच्या नावांसारखी नसतात, हे मात्र नवीन माणसाला छळतं. कमांडवर एचटीटीपी.पोर्ट, फाइलमध्ये नोड विभागाखाली एचटीटीपीपोर्ट. कमांडवर मॅक्सपीअर्स, फाइलमध्ये नोड.पीटूपी विभागाखाली. त्यामुळे अंदाजाने लिहू नये. डम्पकॉन्फिग हा उपआदेश तुमच्या नेहमीच्या पर्यायांसकट चालवला की आत्ताची सगळी सेटिंग टॉमलमध्ये छापून मिळते.

पण ती छापील फाइल जशीच्या तशी वापरू नका. तिच्यात त्या आवृत्तीची सगळी मूलभूत मूल्यं उतरलेली असतात, तुम्ही न बदललेलीसुद्धा. पुढे सॉफ्टवेअरने एखादं मूल्य सुधारलं तरी तुमची फाइल जुनंच धरून बसते, आणि ते तुम्ही जाणूनबुजून निवडलं नव्हतं हे कुणालाच कळत नाही. मी छापील प्रतीतून नाव आणि विभाग बघतो, आणि स्वतःच्या फाइलमध्ये बदललेल्या ओळीच ठेवतो.

१५ सप्टेंबर २०२२ च्या मर्ज या मोठ्या बदलानंतर आमच्याकडे एका नोडला दोन प्रोग्राम लागतात, व्यवहार चालवणारा एक्झिक्युशनचा आणि साखळीवर एकमत राखणारा कन्सेन्ससचा. दोघांचं बोलणं ८५५१ पोर्टवर, आणि ओळख पटवायला एक सामायिक जेडब्ल्यूटी गुपित फाइल. दोन्हीकडे मार्ग एकाच फाइलकडे जातोय ना, आणि दोन्ही प्रोग्रामना ती वाचायची परवानगी आहे ना, हे आधी बघायचं. बाकी अडचणी नंतर.

---

उंबरठा

मूल्यं गोठवण्याचा साखळदंड यांचा मुद्दा बिटकॉइनलाही तंतोतंत लागू आहे. नेटवर ज्या लांबलचक तयार फाइली फिरतात, त्यात शंभरएक ओळी असतात आणि त्यातल्या निम्म्या मूळ मूल्यंच पुन्हा सांगतात. मॅक्सकनेक्शन्स=१२५ लिहिण्याची काहीच गरज नाही, ते तसंही १२५ च आहे. उरलेल्या निम्म्यांत कुणाच्या तरी वेगळ्या गरजा असतात.

त्यातली जी ओळ मी आंधळेपणाने चालवू देणार नाही ती म्हणजे आरपीसीॲलाउआयपी=०.०.०.०/०. सोबत आरपीसीबाइंड असलं की जगातल्या कुणालाही तुमच्या नोडच्या आदेश घेणाऱ्या दाराशी, म्हणजे आरपीसीशी, यायची परवानगी मिळते. आरपीसीवर कूटलेखन नाही, सगळं साध्या एचटीटीपीवर जातं. नोडमध्ये पैसे असलेलं वॉलेट उघडं असेल तर याचा अर्थ काय ते सांगायला नको. दुसऱ्या मशीनवरून बोलायचंच असेल तर एसएसएचच्या कूटलेखित बोगद्यातून बोला आणि नोडला १२७.०.०.१ वरच, म्हणजे स्वतःच्याच मशीनच्या पत्त्यावर, राहू द्या.

पासवर्डचंही सांगते. एकाच मशीनवर काम असेल तर फाइलमध्ये पासवर्ड लिहूच नका. नोड प्रत्येक वेळी सुरू होताना डेटा फोल्डरमध्ये .कुकी नावाची फाइल बनवतो आणि बिटकॉइन-सीएलआय ती आपोआप वापरतो. वेगळा वापरकर्ता हवाच असेल तर आरपीसीऑथ वापरा. बिटकॉइन कोअरसोबत येणारी आरपीसीऑथ.पाय ही स्क्रिप्ट चालवली की पासवर्डऐवजी मीठ (यादृच्छिक भर) घातलेला हॅश, म्हणजे उलट न फिरवता येणारा ठसा, मिळतो, तो फाइलमध्ये जातो. फाइल कुणाच्या हाती लागली तरी त्यातून पासवर्ड उलगडत नाही. जुन्या पद्धतीचा आरपीसीपासवर्ड वापरणारे कुणी असतील तर त्यात हॅशचं # हे चिन्ह घेऊ नका. फाइल वाचताना # पासून पुढचं सगळं टीप समजलं जातं, म्हणून अर्धाच पासवर्ड उरू नये यासाठी नोड त्या ओळीचा क्रमांक सांगून थांबतो.

---

गाठोडं

मी या सगळ्यात नवीन आहे, विंडोजवर आहे. डेटा फोल्डरमध्ये बिटकॉइन.कॉन्फ सापडतच नाही. इन्स्टॉल करताना काही राहिलं का? आणि डेटा दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवायचा तर ते याच फाइलमध्ये लिहायचं का?

---

तळटीप

काही राहिलेलं नाही. ती फाइल आपोआप तयार होत नाही, आपणच बनवायची. खिडकीवाली आवृत्ती वापरत असाल तर पर्यायांच्या पडद्यावर कॉन्फिगरेशन फाइल उघडायचं बटण आहे, तिथून गेलात की योग्य जागीच बनते.

हाताने बनवत असाल तर दोन गोष्टी बघा. विंडोज शेवटचं विस्तारनाम लपवतं, त्यामुळे नोटपॅडमध्ये जतन केलेली फाइल प्रत्यक्षात बिटकॉइन.कॉन्फ.टीएक्सटी झालेली असू शकते आणि नोडला ती दिसणार नाही. दुसरं, फोल्डर. वर्षानुवर्षं ते ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये होतं, २८.० पासून नव्या इन्स्टॉलेशनसाठी ॲपडेटाच्या लोकलमध्ये आहे. रोमिंगमध्ये जुनं बिटकॉइन फोल्डर असेल तर नोड अजूनही तेच वापरतो, म्हणून जुने लेख वाचून अंदाजाने जागा ठरवू नका. खरी जागा लॉगमध्ये 'कॉन्फिग फाइल' या ओळीत दिसते.

डेटाडिर याच फाइलमध्ये लिहिता येतं. पूर्ण मार्ग लिहा, अवतरणचिन्हांशिवाय. लिनक्सवाल्यांनी इथे घरच्या फोल्डरसाठी ~ वापरू नये, ते चिन्ह शेल उलगडतं आणि ही फाइल शेल वाचत नाही. आणि नव्या ड्राइव्हवरच्या फोल्डरमध्ये दुसरी बिटकॉइन.कॉन्फ ठेवू नका. ती वाचली जाणार नाही, आणि हल्लीच्या आवृत्त्या तसं आढळलं तर चूक दाखवून थांबतात.

---

रात्रपाळी

बदल केले. सेटिंग्ज.जेसनमधून प्रूनची नोंद काढली, विभाग पाडले. सिग्नेट ३८४०० वर सुरू झाला, मुख्य नोड ८३३२ वर परत आला. लॉगमध्ये आता

कॉन्फिग फाइल आर्ग: [मेन] प्रून="२००००"

एवढीच प्रूनची नोंद आहे, आणि लक्ष्यही २०००० दाखवतोय. उंबरठा, तळटीप, मनापासून आभार. कोरा_कागद, तुमचं म्हणणं पटल्यामुळे नोड सुरू झाला की लॉगमध्ये 'इग्नोअरिंग' शोधणारी छोटी स्क्रिप्ट सर्व्हिसला जोडली आहे.

एक प्रश्न उरतो. गेलेले ब्लॉक आता परत येतील का? दोन-चार जुने ब्लॉक मला खरोखर लागणार आहेत.

---

तळटीप

आपोआप येणार नाहीत. मर्यादा वाढवली की इथून पुढे जास्त ब्लॉक साठत जातील, वीस हजारांपर्यंत पोचले की पुन्हा छाटणी सुरू होईल. छाटलेलं सगळं परत हवं असेल तर प्रून बंद करून अख्खी साखळी नव्याने उतरवावी लागते.

दोन-चारच ब्लॉक हवेत तर २३.० पासून गेटब्लॉकफ्रॉमपीअर नावाचा आरपीसी आदेश आहे. गेटपीअरइन्फोने जोडलेल्या नोडची यादी बघा, ज्याच्याकडे पूर्ण साखळी आहे असा एक निवडा. सेवांच्या रकान्यात ज्याच्यापुढे फक्त 'नेटवर्क लिमिटेड' लिहिलंय तो तुमच्यासारखाच छाटलेला, तो सोडा. मग हव्या त्या ब्लॉकचा हॅश आणि त्या नोडचा क्रमांक देऊन आदेश चालवा. ब्लॉकचे हेडर (प्रत्येक ब्लॉकच्या माथ्यावरची छोटी माहिती) तुमच्याकडे आहेतच, त्यामुळे ब्लॉक आला की गेटब्लॉकने वाचता येईल. लगेच वाचून बाजूला साठवा, पुढच्या छाटणीत तो पुन्हा जाऊ शकतो.

---

कोरा_कागद

रात्रपाळी, ती स्क्रिप्ट इथे टाकाल का? 'सेटिंग फाइल आर्ग' या ओळीही ती वेगळ्या दाखवत असेल तर मी माझे पर्याय फाइलमध्ये हलवायचा विचार करेन.

---

रात्रपाळी

सध्या दाखवत नाही, पण तीच ओळ या सगळ्याच्या मुळाशी होती. घालतो आणि इथेच टाकतो.